हजेरीपटावरचं नाव



आपण सगळे पगारपत्रकं, भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार कायदे यांत दिवस घालवणारी माणसं. म्हणून आज एकच विषय घेतो आणि तो आपल्या टेबलावरचाच घेतो.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. कायमच्या फौजेत जाणाऱ्यांची विचारपूस आपल्याकडे होते. पण कारखान्यात नोकरी करून टीएमध्ये, म्हणजे प्रादेशिक सेनेत, असलेल्या माणसाचं काय? आपल्याला जवळची तुकडी कोल्हापूरची, मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०९ बटालियन. ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्राने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतल्या प्रत्येकाला बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ पैकी १४ पायदळ बटालियन सेवेत बोलावायचं ठरलं. अशा वेळी कुपवाडच्या किंवा पलूसच्या एखाद्या कारखान्यात आदेशाचा कागद येतो, टाइमकीपर तो फायलीला लावतो आणि हजेरीपटावर त्या माणसापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. पगार नाही, म्हणून वर्गणी नाही. मासिक विवरणपत्रात बिनवर्गणीचे दिवस भरले की आपलं काम संपलं असं आपण धरून चालतो.

ते तिथे संपत नाही. निधीच्या खात्याला १९७६ पासून एक विमा जोडलेला आहे, ठेव संलग्न विमा योजना, आपल्या बोलण्यातली 'ईडीएलआय'. कामगार त्यासाठी एक पैसाही देत नाही. मालक पगाराच्या अर्धा टक्का भरतो, १५,००० च्या मर्यादेवर महिन्याला ७५ रुपये. माणूस नोकरीत असताना गेला, तर बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, म्हणजे जास्तीत जास्त सव्वापाच लाख, आणि निधीतल्या सरासरी शिलकेच्या निम्मे, पण पावणेदोन लाखांपर्यंत. एकूण सात लाख. मृत्यू कशाने झाला हे योजना विचारत नाही. त्या दिवशी तो नोकरीत होता का, हे विचारते. आणि त्याचं उत्तर आपल्याच दप्तरात असतं.

जुलै २०२५ च्या दुरुस्तीने एक मोठी अडचण दूर केली. शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सदस्य गेला, तरी विमा मिळतो. अट एवढीच की नाव पटावरून कमी झालेलं नसावं. चांगली सुधारणा आहे. पण बोलावणं सहा महिन्यांहून लांबलं तर? आणि 'बिनपरवानगी गैरहजर' म्हणून एखाद्या लिपिकाने नाव आधीच कमी केलं असेल तर? प्रादेशिक सेना कायदा १९४८ चा आहे. त्यातलं ७-ब कलम म्हणतं की बोलावलेल्या माणसाचे निधीतले हक्क सेवेच्या काळात चालू राहतील, पण नियमांनी ठरवून दिलेलेच. त्या शेवटच्या शब्दांवर सगळं अडतं.

ऑस्ट्रेलियात निवृत्तिनिधीतून विमा घेणाऱ्यांना २०१९ पासून सोळा महिन्यांची मुदत आहे. तेवढा काळ खात्यात पैसे आले नाहीत, तर विमा बंद होतो; मात्र चालू ठेवा असं सदस्याने लेखी कळवलं की राहतो. आपल्याकडे कळवायची ती सोयच नाही. म्हणून जबाबदारी आपल्यावर येते.

आपल्याकडचे काही मोठे कारखाने ईडीएलआयमधून सूट घेऊन आयुर्विम्याची सामूहिक पॉलिसी काढतात. तिथे दरवर्षी नूतनीकरणाला सदस्यांची यादी जाते. सीमेवर असलेल्या माणसाचं नाव त्या यादीतून गळालेलं कुणाच्या लक्षात येणार? बहुतेक वेळा, दावा करायला आलेल्या त्याच्या बायकोच्या.

या अधिवेशनापुढे माझे दोन ठराव आहेत. लष्करी आदेश दाखवणाऱ्या कामगाराची नोंद हजेरीपटावर 'लष्करी सेवा' अशीच करावी आणि त्या काळात नाव कमी करू नये, अशी सूचना आपण आपल्या जिल्ह्यांतल्या आस्थापनांना द्यावी. दुसरा ठराव भविष्यनिर्वाह निधी संघटनेला पाठवायचा: लष्करी सेवेचे दिवस विवरणपत्रात वेगळे दाखवता यावेत, आणि त्या काळाला सहा महिन्यांची मर्यादा लागू नसावी. मसुदा तुमच्या हातात दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर दुरुस्त्या घेऊ.