शेजाऱ्याला त्याच दिवशी कळवा

आज पदवी स्वीकारणाऱ्या माझ्या तरुण पशुवैद्यक मित्रमैत्रिणींनो,

उद्यापासून गावात एखादं जनावर अचानक दगावलं, तर पहिला निरोप तुम्हाला येईल. त्या निरोपाचं तुम्ही पुढे काय करता, यावर माणसांचे जीवही अवलंबून असतील. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली. भोवतालच्या गावांतली माणसंही तापानं फणफणली. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती निर्माण झाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे, शास्त्रज्ञ तिथे पोचले. त्यांना पीतज्वर नव्हे, तर गोचिडांमार्फत पसरणारा एक नवाच विषाणू सापडला. त्यानं होणारा आजार म्हणजे माकडताप.

सुमारे अर्धशतक हा आजार मुख्यतः शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरता राहिला. २०१२-१३ च्या सुमारास तो बंदीपूर, निलगिरी आणि वायनाडच्या जंगलांत आढळला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आला आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. सह्याद्रीची रांग एकच, पण आजार पोचला ती राज्यं पाच: कर्नाटक, तमिळनाडू, केरळ, गोवा आणि महाराष्ट्र.

दोडामार्गात हा आजार कुणाला गाठतो, ते नीट पाहा. फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. बाया-बापडे सकाळी बागेत शिरतात, झाडाखाली पडलेली बोंडं वेचतात, बी पिरगळून काढतात. दिवसभर हात पाचोळ्यात असतात. नेमक्या याच महिन्यांत त्या पाचोळ्यात गोचिडांची तिळाहून बारीक पिल्लं असतात. ती चावली तरी पुष्कळदा कळत नाही. काही दिवसांनी एकाएकी ताप चढतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं; काहींना रक्तस्राव होतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. या विषाणूवर खास असं औषध नाही. जुनी लस पुरेसं संरक्षण देईना, म्हणून तिचा वापर थांबला आणि नव्या लशीचं काम चालू आहे. तोवर आपल्या हातात उरतो तो वेळेवर मिळालेला इशारा.

आणि तो इशारा मेलेलं माकड देतं. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि पुढच्या सावजाची वाट पाहतात. म्हणून त्या जागेभोवती पन्नास फुटांत कीटकनाशक टाकावं लागतं, माणसांना तिकडे फिरकू नका म्हणून सांगावं लागतं, आसपासच्या वाड्यांतल्या तापाच्या रुग्णांचे नमुने तपासावे लागतात. पण माकड वनखात्याचं, शवविच्छेदन पशुसंवर्धन खात्याचं आणि तापाचा रुग्ण आरोग्य खात्याचा. दोडामार्गाच्या टापूत महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांच्या हद्दी जवळजवळ येतात. तीन राज्यांची तीन-तीन खाती, म्हणजे एका मेलेल्या माकडाची बातमी नऊ कचेऱ्यांना कळायला हवी. माकडांची टोळी हद्द ओलांडते, चरायला सोडलेली गुरं ओलांडतात, सिंधुदुर्गातला रुग्ण उपचारासाठी गोव्यात बांबोळीला जातो. मग बातमीनंच हद्दीवर का थांबावं?

माहिती दडून राहते ती बहुतेक वेळा भीतीपोटी. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला जाहीर झाला, अगदी गुजरातच्या सीमेवर. कोंबड्यांची मरतूक आधी राणीखेत रोगाची मानली जात होती. पलीकडच्या उच्छल भागातही हाच रोग निघाला आणि दोन्ही राज्यांत कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पोल्ट्रीवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मरतूक कळवली की पक्षी मारले जाणार, बाजार पडणार, कर्जाचा हप्ता मात्र चुकणार नाही. तो गप्प बसला तर नुसतं त्याला दोष देऊन भागत नाही. जो आधी सांगतो, त्याची भरपाई वेळेवर आणि पुरती झाली पाहिजे. जे राज्य रोग आधी जाहीर करतं, त्याच्या मालावर शेजाऱ्यानं सरसकट बंदी घालता कामा नये. खरं बोलणाऱ्याला तोटा होणार असेल, तर कुठलाही सहकार्याचा करार कागदावरच राहील.

हद्दीपलीकडे खबर देणं हे जमणारं काम आहे आणि तुमच्याच व्यवसायानं ते करून दाखवलं आहे. बुळकांडी या गुरांच्या रोगानं आपल्या आज्या-पणज्यांचे गोठे रिकामे केले. ती माणसाला होत नव्हती, पण गुरं गेली की घरं उपाशी पडत. भारतानं १९५४ पासून लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम चालवली. १९९५ नंतर देशात बुळकांडीचं जनावर आढळलं नाही आणि २०११ साली जगातून ती संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर पृथ्वीवरून हद्दपार झालेला हा दुसराच रोग. एकमेकांशी वैर असलेल्या देशांनाही शेजारच्या कळपाची खबर घ्यावी लागली, तेव्हा हे घडलं. एका देशात रोग संपला आणि शेजारी उरला, तर तो पुन्हा येतोच.

आता नागपुरात माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी राष्ट्रीय वन हेल्थ संस्था उभी राहत आहे. तिची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. अशा संस्था हव्यातच. पण त्यांच्यापर्यंत पोचणारी पहिली नोंद तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या तुमच्यापैकी कुणाची तरी असेल.

म्हणून माझं तुमच्याकडे मागणं आहे. जिथे रुजू व्हाल तिथे पहिल्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, आशाताईंना आणि वनरक्षकाला भेटा. सीमेवर नेमणूक असेल, तर पलीकडच्या पशुवैद्यकाचा नंबर घ्या आणि साथ नसतानाही त्याच्याशी बोलत राहा. संशयास्पदरीत्या मेलेल्या जनावराला हातमोजे, मास्क आणि अंगभर संरक्षक पोशाख घातल्याशिवाय हात लावू नका. तुमचा जीव आम्हाला मोलाचा आहे. शेतकऱ्यानं वाईट बातमी सांगितली, तर त्याच्यावर ओरडू नका, त्याच्या भरपाईचा अर्ज स्वतः भरून द्या. आणि खात्री होण्याची वाट पाहत बसू नका. नमुना प्रयोगशाळेकडे रवाना करा, वरिष्ठांना कळवा आणि शेजाऱ्यालाही त्याच दिवशी कळवा. शंका खोटी ठरली, तर एक फोन वाया जाईल. खरी ठरली, तर कुणाचं तरी घर वाचेल.

तुमच्या हातून हे घडो.