पुनरुज्जीवन : शब्दाचा अर्थ आणि वापर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही एकाच शब्दावर बोलणार आहोत. तो म्हणजे 'पुनरुज्जीवन'. आमचं शाळेतलं शिक्षण थोडकं. पण जो शब्द पोटाशी येऊन भिडतो, त्याची फोड करून बघायची सवय आम्हाला गिरणीतच लागली.

फोड अशी : पुनर्, उद् आणि जीवन. पुन्हा, वर उठून, जगणे. 'पुनर्जन्म' वेगळा, त्यात आधी मरावं लागतं. 'दुरुस्ती'ही वेगळी. गिलावा केला की भिंत दुरुस्त होते, ती काही जगू लागत नाही. जिथे जीव होता, तो मंदावला आणि पुन्हा चालू लागला, तिथेच हा शब्द शोभतो. नदीला शोभतो, हातमागाला शोभतो. आणि 'कशाचे?' हे सांगितल्याशिवाय हा शब्द पुरा होत नाही.

आता त्याचा वापर कसा झाला ते बघा. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पुढे अनेक गिरण्यांना 'आजारी' हे विशेषण लागले. 1985 साली आजारी उद्योगांचा कायदाच झाला. आजार म्हटला की औषध आलं, आणि औषधाचं नाव पुनरुज्जीवन! 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 ने गिरण्यांच्या जमिनी विकसित करायला वाट दिली. हेतू असा सांगितला, की त्या पैशातून गिरणी सुधारावी आणि कामगारांची देणी भागवावीत. मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे : महापालिकेला मैदानांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. 2001 साली नियम बदलला. बांधकामाखालची जमीन वाटणीतून गेली, आधीपासून मोकळी असलेली तेवढीच उरली. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला.

आज लोअर परळला उभे राहून वर बघा. टॉवर आहेत, मॉल आहेत. म्हणजे कागदावर नाव गिरणीचं होतं, जीव धरला जमिनीच्या भावाने. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती 2012 साली, संपाला तीस वर्षे झाल्यावर. तोवर कित्येक जण गावाला गेले, कित्येक जगातूनच गेले.

याच शब्दाचा खरा वापरही आपल्याला ठाऊक आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जे घडलं, त्याला 'धम्माचे पुनरुज्जीवन' म्हणतात. तिथे नुसता जुना ग्रंथ झटकून फळीवर ठेवला नाही. ज्यांना गाव माणसात धरत नव्हतं, ती लाखो माणसं ताठ मानेने उभी राहिली. जीव माणसात आला, म्हणून शब्द खरा ठरला.

तेव्हा उद्या कोणी चाळीचा, वस्तीचा किंवा धंद्याचा कागद घेऊन दारात आला आणि त्यात पुनरुज्जीवन, पुनर्विकास, पुनर्वसन असे शब्द दिसले, तर घाईने सही करू नका. घरातल्या शिकलेल्या पोराला तो मोठ्याने वाचायला सांगा. मग तीन प्रश्न विचारा : कशाचे? कोणासाठी? आणि आज इथे जगणारा माणूस त्यानंतर कुठे असेल? तिसऱ्याचं उत्तर कागदावर लेखी नसेल, तर तो कागद परत पाठवा.

जय भीम!