संस्थानिकाची सही



मी आज लिश्टेनस्टाइनबद्दल बोलणार आहे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे अवघा १६० चौरस किलोमीटरचा देश. तिथं संस्थानिक अजून गादीवर आहे आणि सार्वमतही होतं. झकास वाटलं ना? आता पुढचं ऐका.

२००३ साली संस्थानिक हान्स-आदाम यांनी घटना बदलायला काढली. सरकार बरखास्त मी करणार, माझ्या संमतीशिवाय न्यायाधीशाचं नाव पुढं जाणार नाही. नाही म्हणालात तर मी चाललो व्हिएन्नाला! लोक घाबरले. ६४ टक्क्यांनी हो म्हटलं.

ज्या देशात बायकांना मताचा हक्कच १९८४ साली मिळाला, तिथं २०११ मध्ये गर्भपात गुन्हा राहू नये म्हणून सार्वमत होतं. मतदानाआधीच युवराज आलोईस बोलून बसले, तुम्ही जिंकलात तरी मी सही करणार नाही. प्रस्ताव पडला.

मग काही नागरिक उठले. म्हणाले, सार्वमतानं ठरलेलं तरी संस्थानिकानं अडवू नये. एवढंच. २०१२ साली ७६ टक्क्यांनी तेही नाकारलं.

कुणी बंदूक रोखली नव्हती. मतपेटीही खोटी नव्हती. मी त्या लोकांना मूर्ख म्हणणार नाही. धनी निघून गेला तर आपलं कसं होणार, ही भीती माझ्या ओळखीची आहे.

पण त्याच २००३ च्या घटनेत गादी मोडायचा हक्कही लोकांना आहे. १५०० सह्या पुरतात. पेन लोकांच्याच हातात आहे. हात थरथरतोय, दोस्तांनो, तो आधी थांबला पाहिजे.