होड्या शाकारल्यावर

जून-जुलैत मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, कुठंही जा, अशा रिकाम्या दिवसांत कुणाकुणाचं पिणं वाढतं. घरचे शपथा घालतात, बाटल्या फोडतात, नाहीतर गुत्त्याची उधारी गुपचूप फेडतात. यातलं शेवटचं फार महाग पडतं. चटकाच बसला नाही, तर पिणारा सोडेल कशाला?

आणि हो, कोंडून ठेवणं तर नकोच. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिटसुद्धा येऊ शकते. जिवावर बेततं. आधी डॉक्टर गाठा.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला देणगी दिली. तिथं व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गटही आहे, कारण वर्षानुवर्षं भरडलेल्या त्या बाईलाही उपचार लागतातच.

पिणाऱ्याशी बोलायचं तर सकाळी, तो शुद्धीत असताना, आणि एकाच मुद्द्यावर. उपचारांना तो नाहीच म्हणाला, तर तुम्ही स्वतः १४४४६ लावा. नशामुक्तीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन मोफत लागतो.