दीड तासाचं नागपूर

भिवंडीहून नागपूर किती लांब? बैठकीत विचारलं, तर एक म्हणाली दीड तास, दुसरी म्हणाली आठ तास, तिसरी म्हणाली एक रात्र. तिघींचंही बरोबर. पण अशा हिशेबात आम्ही एकदा फसलो, ते आज सांगते.

आमच्या गटातल्या एका ताईंना संध्याकाळी पाच वाजता नागपूरहून भावाचा फोन आला. आईचं उद्या दुपारी ऑपरेशन आहे, ती वाट बघतेय. ताईंनी गटातून तातडीचं कर्ज घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या विमानाचं तिकीट काढलं. विमान दीड तासात पोचतं, मग रात्रभर गाडीत कशाला बसायचं? मीही मान डोलावली.

सकाळी दहाला त्या निघाल्या. माणकोलीपासूनच गाड्यांची रांग. विमानतळावर पोचल्या तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. विमान जमिनीवरच होतं, पण काउंटर बंद. देशातल्या विमानांचं चेक-इन साधारण एक तास आधी बंद होतं. तिकिटाचे पैसे गेले. ताई कल्याणला आल्या, रात्रीच्या गाडीत बसल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोचल्या. ऑपरेशन नीट झालं होतं. पण आत नेताना आई दाराकडे बघत होती, असं भावानं सांगितलं. ते ताई अजून विसरलेल्या नाहीत. मीही नाही.

आता हिशेब मांडू. मुंबई-नागपूर आकाशातून सरळ सुमारे ६८५ किलोमीटर, रेल्वेनं ८३७. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आणि तो आपल्याच तालुक्यात आमणे इथे येऊन मिळतो. शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. त्या रस्त्यानं गाडीला आठेक तास लागतात.

विमान हवेत दीड तास. पण भिवंडीहून विमानतळापर्यंत, रस्ता तुंबला तर, दोन तास धरा. तिथे दोन तास आधी पोचायचं. उतरल्यावर सामान घेऊन शहरात जायला एक तास. झाले साडेसहा. म्हणजे दीड तासाचं नागपूर घरापासून साडेसहा तासांचं.

आणि खरी चूक वेगळीच होती. फोन आला संध्याकाळी पाचला. संध्याकाळी मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस कल्याणला थांबते आणि सकाळी नागपूरला पोचते. आरक्षण नसतं मिळालं, तर जनरलच्या डब्यात दाटीवाटीनं जावं लागलं असतं. पण सकाळीच आईजवळ असत्या. आज रात्री सुटणारी संथ गाडी उद्या दुपारच्या विमानाआधी पोचते, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

तेव्हापासून प्रवासासाठी कर्ज देताना आम्ही एका कागदावर चार वेळा लिहितो: घरातून कधी निघणार, स्टेशनवर किंवा विमानतळावर कधी पोचणार, गाडी किंवा विमान कधी सुटणार आणि तिथल्या दारात कधी उभं राहणार. निवड शेवटची वेळ बघून करायची. कधी विमान ठरतं, कधी रेल्वे.

तुमच्या गटातही हा कागद ठेवा, बायांनो. तिकिटावरची वेळ विमानाची असते. आपली वेळ आपल्या उंबऱ्यापासून मोजायची.