शाळा आणि कारखाना यांमधील दुवा



शिक्षण आणि उपजीविका यांची ताटातूट हा चिंतेचा विषय होय. त्याचा विचार करण्यास बीदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांचे उदाहरण बोधप्रद आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद येथील मराठी भाषिक मात्र म्हैसूर राज्यात राहिले. तेथील मराठी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाची कचेरीत कन्नडाशी, तर बीदरच्या कारागिरांकडे बहुधा दखनी उर्दूशी गाठ पडते. दाराशी असलेला उद्योगही मग त्यास परका वाटतो आणि तो पुण्याची किंवा हैदराबादची वाट धरतो.

वस्तुतः त्या भूमीत उद्योगांची वाण नाही. कलबुर्गीस तूरडाळीच्या गिरण्या आहेत, शहाबादेस फरशीच्या खाणी, वाडीस सिमेंटचा कारखाना. बीदरास तर सुप्रसिद्ध बिदरीकाम. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करतात, नक्षी कोरून तीत चांदी ठोकून बसवितात. शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने धातू कायमचा काळा होतो. चांदी तेवढी उजळ राहते. विद्यार्थी रसायनशास्त्रात जे पाठ करतो, ते त्या गल्लीत प्रत्यक्ष घडत असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात घालवावेत, असे सुचविले. २०२१ साली ‘विद्यांजली’ योजनेचे नवे रूप आले व स्वयंसेवकांस शाळेचे दार अधिक मोकळे झाले. परंतु परिपत्रकाने माणसे जोडली जात नाहीत; त्यास माणूसच लागतो. गावातील निवृत्त शिक्षक, कारकून किंवा वकील, ज्यास तिन्ही भाषा अवगत आहेत, त्याने आधी मालकास भेटावे, दिवस ठरवावा, कारागिराचे बोलणे मुलांस मराठीत उलगडून सांगावे.

त्याचे आणखी एक कर्तव्य आहे. शिकण्याच्या नावाखाली मुलांस फुकट राबविले जाऊ नये, हे त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे. भट्टीपाशी तर त्याने दुरून पाहावे, एवढेच.

यात मालकाचेही हित आहे. बिदरीस २००६ साली भौगोलिक मानांकन लाभले. पण मानांकनाने नवे हात निर्माण होत नाहीत. ते शाळेतूनच यावयाचे असतात.

महाजन घराण्यांत दफ्तर, हिशेब आणि लोकसंग्रह यांत आयुष्य घालविलेली माणसे थोडी नाहीत. अशा एकाने वर्षातून एक शाळा व एक कारखाना यांची गाठ घालून दिली, तरी एखाद्या मुलास आपल्या गावातच अन्न मिळू शकते, हे कळेल. निवृत्तीच्या वेळेचा याहून चांगला विनियोग तो कोणता?