पुण्यात राहून पुणं बघायचं ठरवलं तेव्हा

बाहेरगावचे पाहुणे पुणं बघायला दोन दिवसांची सवड काढून येतात. आपण इथेच राहतो, पण आपल्याला तेवढीही सवड मिळत नाही. पर्वतीच्या पायथ्याशी आमचा बचत गट आहे, चौदा जणींचा. त्यातल्या नऊ जणींनी शनिवारवाडा फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता. कुणी वीस वर्षं इथे आहे, कुणी तीस. म्हणून या थंडीत लांबची सहल न काढता आम्ही पुण्याचीच एक दिवसाची सहल ठरवली. ती कशी ठरवली, ते आज सांगणार आहोत.

बैठकीत पहिला प्रश्न आला तो सुट्टीचा. आमच्यातल्या बहुतेक जणी स्वयंपाकाची, धुण्याभांड्याची कामं करतात. एका मावशींकडे चार घरं आहेत. त्या म्हणाल्या, "फिरायला जाते म्हणून खाडा केला, तर चौथ्या घरी दुसरी बाई ठेवतील." हे खोटं नाही. आजारपणाचा खाडा कसाबसा चालतो, फिरण्याचा खपत नाही. मग ताप आलाय म्हणून सांगू, असं एकीने सुचवलं. ते आम्ही मानलं नाही. खरोखर ताप येईल त्या दिवशी कोण विश्वास ठेवणार?

शेवटी सात-सात जणींच्या दोन तुकड्या केल्या. पहिली तुकडी मंगळवारी जाईल तेव्हा दुसरीतल्या बायका त्यांची घरं सांभाळतील, आणि पुढच्या मंगळवारी उलट. शिवणकाम करणाऱ्या दोघींनीही एकेक घर वाटून घेतलं. कामाच्या घरी आठ दिवस आधी सांगितलं आणि बदली जाणारीला आदल्या दिवशी नेऊन घर दाखवलं: मीठ कुठे, गॅस कसा लागतो, कुत्रा चावतो का. रविवार मुद्दाम टाळला. त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात, आणि शनिवारवाड्यातही गर्दी. मावशींच्या चौथ्या घरच्या ताईंनी सगळं ऐकून नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मावशींना अजून कळलेलं नाही. पण काम टिकलं आहे.

पैशांचं सोपं होतं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. तो पैसा कर्जाचा, औषधपाण्याचा, शाळेच्या फीचा. सहलीची पेटी वेगळी आणि वहीही वेगळी. आठवड्याला २० रुपये, १२ आठवडे, म्हणजे प्रत्येकी २४० रुपये. जिला एका आठवड्यात जमलं नाही तिने पुढच्या आठवड्यात ४० टाकले. डबा घरचा. आणखी एक, एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते पीएमपीच्या बसला लागू नाही. कंडक्टरशी वाद घालू नका. पीएमपीच्या तेजस्विनी बसमध्ये मात्र महिन्याच्या ८ तारखेला महिलांना तिकीट नसतं. त्या बस सगळ्या मार्गांवर नसतात, म्हणून आधी चौकशी करा.

आम्ही स्वारगेटहून मेट्रोने निघालो. मंडई आणि मग कसबा पेठ, दुसऱ्याच स्थानकावर उतरायचं. मेट्रोच्या स्थानकात स्वच्छतागृह असतं, तिथे सगळ्यांनी जाऊन यायचं, हे आमच्या कागदावर लिहिलेलं होतं. हसू नका. स्वच्छतागृह कुठे आहे हे माहीत नसलं की आपल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात.

ठिकाणं मोजकीच घेतली, आणि प्रत्येकीने एकेका ठिकाणाची माहिती काढून आणायची असं ठरलं. जिला वाचता येत नाही तिने मुलांना, शेजाऱ्यांना विचारून आणली. कसबा गणपतीला नमस्कार करून लाल महाल बघितला. इथेच शिवाजी महाराजांनी १६६३ साली शाहिस्तेखानावर छापा घातला. आज दिसते ती इमारत मात्र महापालिकेने अलीकडे बांधलेली आहे. जवळच शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली त्याचा पाया घातला. आतले वाडे १८२८ च्या आगीत गेले. त्यामुळे आत गेल्यावर "एवढंच?" असं वाटतं, कारण उरलीत ती जोती, तट आणि कारंजं. दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांपाशी मात्र थांबा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते ठोकलेले. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट निघालीच, आणि आनंदीबाईंनी "ध"चा "मा" केला ही आख्यायिकाही. त्यावर आमच्यातली एक म्हणाली, "गारदी पुरुष, तलवारी पुरुषांच्या, आणि खापर एका अक्षरावर!" याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

शिवाजी रस्त्याने दगडूशेठ गणपतीसमोर आलो. इथल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, तिथे स्मारक व्हायचं आहे. म्हणजे बघायला वाडा नाही, तरी ही जागा यादीतून गाळू नका.

पुढे केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने ते उभं केलं. तिथे आमच्या बायका हलेनात. अडकित्ते, दिवे, वज्र्या, शेवयांचे साचे! "हे आमच्या आजीकडे होतं," असं प्रत्येक कपाटापाशी. या एका ठिकाणाला दीड तास ठेवा, बाकी कुठेही कमी करा.

शेवटी गंज पेठेतला फुले वाडा. गुडघे दुखणाऱ्या तिघी रिक्षाने, बाकीच्या चालत. इथली माहिती मावशींच्या वाट्याला होती. नातीकडून त्यांनी ती तोंडपाठ करून घेतली होती. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे त्यांनी हौदापाशी उभं राहून सांगितलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "दोन घरी मला अजून वेगळा कप आहे." सगळ्या गप्प झाल्या. महिन्याच्या बैठकीत आता हा विषय घेतला आहे, कुणाच्या घरी काय चालतं ते एकेकीने सांगायचं आहे.

दुसरी तुकडी येत्या मंगळवारी निघेल. त्यांनी तुळशीबागेत खरेदीला एक तास मागितला आहे. आम्ही अर्धा दिलाय, तोही फुले वाडा झाल्यावर.